आपण किती आहोत?



आपल्या घरात माणसे किती, हे आपल्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. रात्री ताटे मांडली की कळते. आपल्या गल्लीत घरे किती, हेही बोटांवर मोजून सांगता येईल. पण आपल्या तालुक्यात माणसे किती? जिल्ह्यात किती? सगळ्या भारत देशात किती? हे असे बसल्या जागी सांगता येत नाही. त्यासाठी घरोघर जाऊन माणसे मोजावी लागतात. या मोजणीला जनगणना म्हणतात. जुनी माणसे तिला शिरगणती म्हणत, कोणी खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर आणि सुमारी म्हणजे मोजणी.

कोणी म्हणेल, माणसे काय मोजायची? ती काय धान्याची पोती आहेत? पण पोती मोजल्याशिवाय वर्ष कसे काढायचे हे घरधनिणीला ठरवता येत नाही. तसेच देशाचे आहे. किती तोंडे आहेत, त्यांत लेकरे किती, म्हातारी किती, मुलगे किती, मुली किती, हे कळल्याशिवाय शाळा, दवाखाना, पाणी, रेशन यांचा हिशेब लागत नाही.

या पाठात आपण तीन गोष्टी पाहू. आपली संख्या कशी वाढली, आपल्या मुलुखात कोण कमी पडले, आणि मोजणीचा माणूस दारात आला म्हणजे आपण काय करावे.

मोजणी केव्हापासून होते?

भारतात पहिली मोजणी १८७२ च्या सुमारास झाली. पण ती सगळीकडे एका वेळी झाली नाही. १८८१ पासून मात्र दर दहा वर्षांनी, एकाच वेळी, सगळ्या देशाची मोजणी होऊ लागली. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथेही १८८१ पासून शिरगणती सुरू झाली. पुढे १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. राज्ये बदलली, पण दहा वर्षांची मोजणी चुकली नाही. दुसरे महायुद्ध चालू असतानाही १९४१ मध्ये ती झाली.

ती चुकली २०२१ मध्ये. कोरोनाच्या साथीमुळे मोजणी पुढे गेली. म्हणून पुरी मोजणी म्हणाल तर ती २०११ चीच. पुढची मोजणी दोन टप्प्यांत करण्याचे सरकारने जाहीर केले आहे. २०२६ मध्ये घरांची यादी, आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी. १ मार्च २०२७ ही तिची नेमलेली तारीख आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंदही या मोजणीत व्हायची आहे.

मधल्या काळात सरकार थोडी घरे निवडून पाहणी करते आणि त्यावरून अंदाज बांधते. शितावरून भाताची परीक्षा होते, तशी ही परीक्षा. ती खोटी नसते. पण भात शिजला की नाही एवढेच शितावरून कळते. भात सगळ्या पंगतीला पुरेल का, हे शितावरून कळत नाही. त्यासाठी ताटेच मोजावी लागतात.

देशाचा आकडा

आता काही आकडे वाचू. सावकाश वाचा.

१९०१ मध्ये भारतात सुमारे २३ कोटी ८४ लाख माणसे होती.
१९११ मध्ये २५ कोटी २१ लाख.
१९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख.
१९५१ मध्ये ३६ कोटी ११ लाख.
१९८१ मध्ये ६८ कोटी ३३ लाख.
२००१ मध्ये १०२ कोटी ८७ लाख.
२०११ मध्ये १२१ कोटी ९ लाख.

तुमच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी कमी झाली. का बरे? १९१८ मध्ये तापाची मोठी साथ आली होती. तिला इन्फ्लुएन्झा म्हणतात. त्या साथीत आपल्या देशातली एक कोटीहून अधिक माणसे गेली. प्लेग आणि पटकी यांचाही जोर होता. गावेच्या गावे ओस पडली.

१९२१ नंतर मात्र आकडा एकदाही खाली आला नाही. १९०१ ते १९५१ या पन्नास वर्षांत आपण दीडपट झालो. पुढच्या साठ वर्षांत तिपटीहून अधिक झालो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये भारताने चीनलाही मागे टाकले. आता जगात सगळ्यांत जास्त माणसे आपल्या देशात आहेत.

पाणचक्कीचा हौद

ही वाढ कशी झाली? माणसे समजतात की पूर्वीपेक्षा जास्त लेकरे होऊ लागली म्हणून माणसे वाढली. पण तसे नाही.

छत्रपती संभाजीनगरात पाणचक्की आहे. ती पुष्कळांनी पाहिली असेल. लांबून नळाने पाणी येते आणि हौदात पडते. हौद भरला की पाणी पुढे वाहून जाते. आता समजा, हौदात येणारी धार मोठी आहे आणि बाहेर जाणारी धारही तेवढीच मोठी आहे. मग हौदातले पाणी वाढेल काय? नाही. ते तेवढेच राहील.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी असेच होते. घरात सात-आठ लेकरे जन्माला येत, आणि त्यांतली तीन-चार पाळण्यातच जात. देवी, गोवर, पटकी, हगवण ही त्यांना नेत. बाळंतिणी जात. येणारी धार मोठी होती, जाणारी धारही मोठी होती.

पुढे जाणारी धार लहान झाली. देवीची लस आली. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. पोलिओचे थेंब आले. २०११ नंतर त्या रोगाच्या नैसर्गिक विषाणूचाही नवा रोगी आपल्या देशात झाला नाही. स्वच्छ पाणी आले, मीठ-साखरेचे पाणी आले, गावात नर्सबाई आली. लेकरे जगू लागली. १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांतली १२९ मुले वर्षाच्या आत जात. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. महाराष्ट्रात तो १६ झाला.

जाणारी धार लहान झाली, पण येणारी धार मोठीच राहिली. म्हणून हौद भराभर भरला. आपली संख्या वाढली ती लेकरे जगली म्हणून वाढली. ही वाईट गोष्ट नव्हे. आयांचे अश्रू कमी झाले, त्याचा हा हिशेब आहे.

मग हळूहळू येणारी धारही लहान झाली. झालेले लेकरू जगणार, असा आईबापांना भरवसा आला. मुली शाळेत जाऊ लागल्या. लग्नाचे वय वाढले. कुटुंबनियोजनाचे उपाय गावापर्यंत आले. १९५० च्या सुमारास एका बाईला सरासरी सहा लेकरे होत. १९९२-९३ च्या पाहणीत हा आकडा ३.४ निघाला. २०१९-२१ च्या पाहणीत तो २.० झाला. महाराष्ट्रात तो १.७ आहे. बिहारात मात्र अजून ३ च्या जवळ आहे.

आईबाप दोघे, त्यांच्या जागी लेकरे दोन. असे झाले की संख्या पुढेमागे स्थिर होते. जाणकार यासाठी २.१ हा आकडा धरतात. वरचा दशांश कशासाठी? काही लेकरे मोठी होण्याआधीच जातात, आणि मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्माला येतात, म्हणून.

तुम्ही विचाराल, दोनच लेकरे होतात, तर माणसे अजून वाढतात कशी? एका घराचे उदाहरण घ्या. आजोबांना सहा लेकरे झाली. तीन मुली सासरी गेल्या. तीन मुलांची तीन घरे झाली, आणि तिघांच्या घरी सुना आल्या. प्रत्येक घरात दोनच लेकरे झाली. तीन घरांत मिळून किती? सहाच. पूर्वी एका घरात सहा पाळणे हलले, आता तीन घरांत सहा पाळणे हलतात. पाळणे तेवढेच राहिले, आणि आजोबा-आजीही पूर्वीपेक्षा जास्त वर्षे जगतात. म्हणून माणसे वाढत राहतात, पण वाढीचा वेग कमी होतो. १९६१ ते १९७१ मध्ये देशाची संख्या शेकडा २४.८ ने वाढली होती. २००१ ते २०११ मध्ये ती शेकडा १७.७ ने वाढली.

दर हजारी म्हणजे काय?

मोठे आकडे डोक्यात राहत नाहीत. म्हणून जाणकार लोक दर हजारी हिशेब करतात. तो शिकून घ्या. सोपा आहे.

एका गावात २,००० माणसे आहेत. वर्षात ४० लेकरे जन्मली. म्हणजे दर हजारी २०. याला जन्माचे प्रमाण म्हणतात. त्याच वर्षी १२ माणसे वारली. म्हणजे दर हजारी ६. हे मृत्यूचे प्रमाण. २० मधून ६ वजा केले की १४ उरले. म्हणजे हजारामागे १४ माणसे वाढली. २०२० मध्ये आपल्या देशाचे आकडे जवळजवळ असेच होते.

आणखी एक हिशेब आहे, सरासरी आयुष्याचा. १९५१ च्या सुमारास भारतात सरासरी आयुष्य ३२ वर्षांचे होते. आता ते ७० च्या आसपास आहे. याचा अर्थ पूर्वी सगळी माणसे बत्तिसाव्या वर्षी मरत, असा नव्हे. तेव्हाही ऐंशी वर्षांची म्हातारी माणसे होती. पण पुष्कळ लेकरे वर्षाच्या आत जात, म्हणून सरासरी खाली येई.

आपला जिल्हा, आपले शहर

आता आपल्या घराजवळ येऊ.

२००१ मध्ये आपल्या जिल्ह्यात २८,९७,०१३ माणसे होती. २०११ मध्ये ती ३७,०१,२८२ झाली. म्हणजे दहा वर्षांत आठ लाखांची भर पडली. शेकडा हिशेब केला तर सुमारे २८. साऱ्या महाराष्ट्राची वाढ मात्र शेकडा १६ होती. मग आपल्या जिल्ह्यात लेकरे फार झाली काय? नव्हे. इथे हौदाला तिसरी धार आहे. ती म्हणजे बाहेरून येणारी माणसे.

शहर १९६१ मध्ये लाखाच्या आत होते. १९५८ मध्ये इथे विद्यापीठ आले. चिकलठाण्याला कारखाने आले. १९८० नंतर वाळूजला मोठी वसाहत उभी राहिली. १९८५ मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला. जालना, बीड, परभणी, बुलढाणा इकडची माणसे कामाला आली. कोणी पाऊस दगा देतो म्हणून आला, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी आला. २००१ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत ८,७३,३११ माणसे होती. २०११ मध्ये ११,७५,११६ झाली.

आकडे वाचताना एक खबरदारी घ्यावी. पूर्वी जालना आपल्याच जिल्ह्यात होते. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला. आता १९७१ च्या जुन्या पुस्तकात आपल्या जिल्ह्याचा आकडा पाहिला, तर त्यात जालन्याची माणसेही आहेत. तो आजच्या आकड्याशी तसाच ताडून पाहिला तर हिशेब चुकेल. शहराचेही तसेच आहे. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि भोवतालची गावे हद्दीत आली. हद्द वाढली की माणसे वाढलेली दिसतात. तसेच २०११ च्या पुस्तकात शहराचे व जिल्ह्याचे नाव औरंगाबाद असे आहे. नाव २०२३ मध्ये बदलले. नाव निराळे असले तरी जिल्हा तोच.

मुली कुठे गेल्या?

आता जो आकडा सांगतो, तो नीट ऐका.

निसर्गाचा नियम असा की १०५ मुलगे जन्मले तर मुली १०० जन्मतात. म्हणजे १,००० मुलांमागे सुमारे ९५० मुली. मुलगे थोडे जास्त, हे साहजिक आहे. पण त्याहून मुली फारच कमी झाल्या, तर समजावे की कोणीतरी हात घातला आहे.

महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांचा आकडा पाहा. १९९१ मध्ये १,००० मुलांमागे ९४६ मुली होत्या. निसर्गाला धरूनच होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या. २०११ मध्ये ८९४ झाल्या.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या. हजारामागे जवळजवळ दीडशे मुली कमी. त्या आजाराने गेल्या नाहीत, दुष्काळाने गेल्या नाहीत. पुष्कळ जणींना जन्मच घेऊ दिला नाही. पोटातले लेकरू पाहण्याचे यंत्र रोग ओळखण्यासाठी आले. माणसांनी ते मुलगा की मुलगी हे ओळखण्यासाठी वापरले. अशी तपासणी करणे आणि करवून घेणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने हा कायदा १९८८ मध्ये सगळ्यांच्या आधी केला. सगळ्या देशासाठी तो १९९४ मध्ये झाला.

एक गोष्ट विचारात घ्या. एका घरात मुलगी नको म्हटले, तर ते त्या घराच्या चार भिंतींत राहते. शेजाऱ्यालाही कळत नाही. गावात पाच-सहा घरांनी तसे केले, तरी गावाला कळत नाही. माणसे म्हणतात, यंदा मुलगेच झाले, देवाची करणी. पण साऱ्या जिल्ह्याची लेकरे मोजली, आणि लपलेली गोष्ट उजेडात आली. आकडा आल्यावर दवाखान्यांच्या तपासण्या झाल्या, खटले झाले. २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुलींसाठी ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही योजना सुरू केली. तिच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीड, जालना आणि आपला जिल्हाही होता. मोजलेच नसते, तर यातले काही झाले नसते.

दुसरी गोष्ट लग्नाच्या वयाची. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करू नये, असा कायदा आहे. तरी २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात दर शंभर तरुण स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. परभणी आणि बीड जिल्ह्यांत हा आकडा चाळिसाच्या वर गेला. लहान वयातल्या आईचे लेकरू अशक्त होते, आणि आईच्या जिवालाही धोका असतो. हा आकडा खाली आणणे सरकारच्या हाती थोडे आणि आपल्या हाती जास्त आहे.

मोजणीचा आपल्याला काय उपयोग?

ग्रामपंचायतीत सभासद किती, हे गावच्या लोकसंख्येवरून ठरते. सातपासून सतरापर्यंत सभासद असतात. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही त्यांच्या संख्येवरून ठरतात. सपाट मुलुखात साधारण ५,००० माणसांमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि ३०,००० माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा नियम आहे.

रेशनचेही तसेच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे स्वस्त धान्य किती माणसांना द्यायचे, हे जनगणनेवरून ठरते. २०११ च्या आकड्यांवरून ती संख्या देशभर ८१ कोटी ३५ लाख ठरली. पुढे लेकरे जन्मली, नवी घरे झाली, माणसे गावातून शहरात आली. पण हिशेब जुन्याच आकड्यावर चालत राहिला. त्यामुळे पुष्कळ गरजू घरे यादीबाहेर राहिली. मोजणी लांबली की तिचा चटका गरिबाच्या ताटाला बसतो, तो असा.

मोजणीचा माणूस दारात आला म्हणजे

हे काम बहुधा शाळेतले शिक्षक करतात. आम्हीही नोकरीत असताना ते केले आहे. उन्हातान्हात, वाडी-वस्तीवर, मळ्यात, वीटभट्टीवर आम्ही हिंडलो आहोत. त्यावरून सांगतो. माणसे मुद्दाम खोटे बोलत नाहीत. पण काही माणसे त्यांच्या ध्यानातच येत नाहीत. समजा, पैठण तालुक्यातल्या एका घरी शिक्षिकाबाई आल्या आहेत. ओट्यावर आजी बसल्या आहेत.

बाई : आजी, घरात माणसं किती?

आजी : पाच. मी, लेक, सून आन दोन नातू.

बाई : आणि पाळण्यात कोण आहे?

आजी : ती व्हय? ती तर महिन्याची हाय. अजून नाव बी ठिवलं न्हाई. तिला काय मोजायचं?

बाई : नाव नसलं म्हणून काय झालं? माणूसच आहे ना? सहा झाली. तुमचा धाकटा मुलगा कुठं आहे?

आजी : त्यो आन त्याची बायकू गेलेत ऊस तोडाया, कोल्हापूरकडं. दिवाळीपासनं तिकडंच हायेत. लेकरू बी संगं नेलंय.

बाई : मग त्यांची नोंद तिकडे, कोपीवर होईल. त्यांना फोन करून सांगा. मोजणीवाले आले तर तिघांचीही नावं द्यायची. लेकराचं विसरायचं नाही. बरं आजी, तुमचं वय?

आजी : आसंल की साठ-सत्तर. कुणी लिवून ठिवलंय?

बाई : रझाकारांच्या वेळचं काही आठवतं?

आजी : मला काय आठवंल? पर माय सांगायची, त्या वक्ताला मला पाठीशी बांधून रानात पळाली व्हती. वरसाची व्हते म्हनं मी.

बाई : म्हणजे १९४८ साली तुम्ही एक वर्षाच्या. ऐंशीच्या घरात आहात की, आजी! आता मालकांचं नाव सांगा.

आजी : (पदर सावरून हसतात. बोलत नाहीत.)

बाई : राहू द्या. तुमचा लेक सांगेल.

या बोलण्यातून चार गोष्टी शिकाव्या.

पहिली गोष्ट. तान्हे लेकरू सोडू नये. मुलगी तर मुळीच सोडू नये. आधीच मुली कमी. ज्या आहेत त्याही कागदावर आल्या नाहीत, तर त्यांच्यासाठी शाळेत बाक कोण ठेवणार?

दुसरी गोष्ट. बाहेरगावी गेलेले माणूस दोन्हीकडून सुटते. गावचे म्हणतात, तो तिकडे आहे. तिकडचे म्हणतात, तो इथला नव्हे. नियम असा की मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो गावी नसेल, त्याची नोंद तो जिथे असेल तिथे करावी. मोजणी फेब्रुवारीत असते, आणि ऊसतोडीचा हंगाम तेव्हा भरात असतो. मराठवाड्यातली लाखो माणसे त्या वेळी फडावर असतात. मुकादमाने आणि घरच्यांनी मिळून हे पाहावे. ज्यांना घरच नाही, फुटपाथवर किंवा पुलाखाली जे झोपतात, त्यांचीही नोंद मोजणीच्या शेवटच्या रात्री करतात.

तिसरी गोष्ट. वय अदमासे सांगू नये. पुष्कळ जण चाळीस, पन्नास, साठ असे सांगतात. सगळे असेच सांगू लागले, तर त्या त्या वयाला माणसांची नुसती गर्दी दिसते. शाळेच्या दाखल्यात १ जून ही जन्मतारीख लागलेली माणसेही गावोगाव आहेत. ज्याला वय ठाऊक नाही, त्याने एखादी मोठी घटना आठवावी. रझाकारांचा काळ, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप. तेव्हा मी केवढा होतो, लग्न झाले होते की नव्हते, यावरून वय बरोबर निघते.

चौथी गोष्ट. भिऊ नये. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे तुम्ही दिलेली माहिती गुप्त राहते. ती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यावरून कर बसत नाही. कागदपत्र दाखवावे लागत नाही, तोंडी सांगितले की पुरते. ज्या बाईला रूढीप्रमाणे नवऱ्याचे नाव घेता येत नाही, तिने ते सांगितलेच पाहिजे अशी सक्ती नाही. ही सवलत कायद्यातच लिहिलेली आहे. पण बँकेच्या खात्याचा नंबर किंवा एटीएमचा गुप्त आकडा कोणी विचारला, तर तो मोजणीचा माणूस नव्हे. त्याला काही सांगू नये. खऱ्या माणसाजवळ ओळखपत्र असते, ते पाहावे.

एक प्रश्न तुमच्यासाठी

मोजणीत एक प्रश्न असतो, लिहिता-वाचता येते काय? सात वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला तो विचारतात. कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आले आणि लिहिता आले, की तो माणूस साक्षर. शाळेचा दाखला लागत नाही. नुसती सही येणे मात्र पुरे नाही. १९५१ मध्ये भारतात शंभरातली १८ माणसे साक्षर होती, आणि शंभर बायकांतल्या ९ जणी. २०११ मध्ये शंभरातली ७३ माणसे साक्षर झाली, बायकांत ६५ जणी.

पुष्कळ घरांत हा प्रश्न आला की घरचे माणूस म्हाताऱ्या आईच्या वतीने पटकन ‘नाही’ म्हणून टाकते. तुम्ही हा पाठ इथपर्यंत वाचला आहे. तेव्हा तुमच्या वतीने दुसऱ्याला बोलू देऊ नका. स्वतः पुढे व्हा आणि ‘होय, येते’ असे सांगा.

अभ्यास

१. १९११ ते १९२१ मध्ये माणसे कमी का झाली?
२. देशाची संख्या वाढली ती जास्त लेकरे जन्मली म्हणून, की जास्त लेकरे जगली म्हणून? हौदाचे उदाहरण देऊन शेजाऱ्याला समजावून सांगा.
३. एका गावात ३,००० माणसे आहेत. वर्षात ६० लेकरे जन्मली व १८ माणसे वारली. जन्माचे आणि मृत्यूचे प्रमाण दर हजारी काढा.
४. १९७१ चा आपल्या जिल्ह्याचा आकडा आजच्या आकड्याशी तसाच का ताडू नये?
५. आपल्या घरातल्या सगळ्या माणसांची नावे व वये वहीत लिहा. बाहेरगावी असलेल्यांची नावे वेगळी लिहा. तान्ही लेकरे राहिली नाहीत ना, हे पाहा.
६. आपल्या गावच्या अंगणवाडीत मुलगे किती व मुली किती, हे ताईंना विचारा. १,००० मुलांमागे मुली किती, याचा हिशेब गुरुजींच्या मदतीने करा.

शब्दांचे अर्थ

प्रमाण : एका संख्येशी दुसरीचा लावलेला हिशेब
शेकडा : शंभरामागे
सरासरी : सगळ्यांची बेरीज करून तिला माणसांच्या संख्येने भागले की येणारा आकडा
पटकी : कॉलरा
कोपी : ऊसतोड कामगारांची फडावरची झोपडी